दहा टायरची गाडी घ्यायचीय? आधी उभ्या गाडीचा हिशेब मांडा

पेठवडगावच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलंय. त्यांचा पुतण्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत डिस्पॅचला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या भरून लावतो. आता त्याच्या डोक्यात बसलंय की नोकरी सोडायची आणि स्वतःची दहा टायर गाडी घ्यायची. ३२ लाखांचं कर्ज मंजूर होतंय, उरलेले पैसे घरातून. गुरुजी लिहितात, "या धंद्यात अडचणी फार, असं जो तो म्हणतो. नक्की अडचण काय, ते कोणी सांगत नाही."

गुरुजी, मी वडिलांच्या सहाचाकी गाडीवर क्लीनर म्हणून चढलो त्याला एकतीस वर्षं झाली. मग ड्रायव्हर झालो, मग मालक. आज माझ्या चार गाड्या आहेत. मध्यंतरी सात होत्या. एवढ्यावरून थोडंफार समजेलच.

कुठल्याही गाडीमालकाला छेडा, तो डिझेल, टोल, आरटीओ, पोलीस याच क्रमानं गाऱ्हाणं सुरू करतो. त्यात खोटं काही नाही. पण माझा अनुभव विचाराल तर डिझेलनं बुडालेला मालक मी बघितलेला नाही. बुडाले ते गाडी उभी राहिल्यानं. पुतण्याला हे एक कळलं तरी निम्मं काम झालं. म्हणून आधी आकडेच मांडतो.

२८ टनी दहा टायर गाडी बॉडी बांधून, कागदपत्रं करून चाळीस लाखांच्या घरात जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. ३२ लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता होतो ६८,८०० रुपये. विम्यात नुसत्या थर्ड पार्टीचा दर, जो जून २०२२ ला ठरला, तो या वजनाच्या गाडीला वर्षाला ४३,९५० रुपये. वर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आणि कर. सगळं मिळून महिन्याला सात हजार धरा. ड्रायव्हरचा पगार बावीस हजार, भत्ता वेगळा. नॅशनल परमिटची वर्षाची फी १६,५०० रुपये, म्हणजे महिन्याला चौदाशे. रोड टॅक्स आणि पासिंग, म्हणजे आरटीओची गाडी तपासणी, यांचे दोन हजार. बेरीज १,०१,२०० रुपये.

यात डिझेलचा एक थेंब नाही, टायर नाही, टोल नाही. गाडी घरासमोर चिंचेखाली झाकून ठेवली तरी एवढे जाणारच. तीस दिवसांनी भागा. रोजचे साधारण ३,४०० रुपये.

आता पुण्याजवळच्या चाकणची फेरी घ्या. इथून जाऊन येऊन सव्वापाचशे किलोमीटर, लिटरला चारचं ॲव्हरेज धरलं तर १३० लिटर डिझेल. डिझेल लिटरमागं दोन रुपयांनी वाढलं की पेपरात मथळा येतो, आमच्या संघटनेची बैठक होते. फेरीला बसणारा फरक २६० रुपये. आणि तीच गाडी चाकणला कंपनीच्या गेटबाहेर "आज स्टोअर बंद आहे, उद्या या" म्हणून दोन दिवस थांबली, तर जातात ६,८०० रुपये. त्याची बातमी होत नाही, बैठकही होत नाही. महिन्यात बारा फेऱ्या झाल्या तर उभ्या खर्चाचा वाटा फेरीला ८,४०० पडतो. आठच झाल्या तर १२,६००. भाडं दोन्ही वेळी तेवढंच.

पुतण्या डिस्पॅचला आहे म्हणता. मग त्याला विचारा, तुमच्या गेटवर गाडी सकाळी नऊला लागली तर भरून किती वाजता बाहेर पडते? त्यानं खरं सांगितलं तर उत्तर "संध्याकाळी" असं येईल. कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, शॉट ब्लास्टिंगमधून साफ होऊन यायचंय, तपासणीचा शिक्का व्हायचाय, बिल निघायचंय. तोवर आमची गाडी म्हणजे त्यांचं फुकटचं गोदाम. टेबलाच्या त्या बाजूला बसून त्यानं हे रोज केलंय. आता या बाजूला येऊन बसायचं आहे.

कोल्हापूरचं एक बरं आहे, इथून माल निघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत इथली कास्टिंग पुण्याला, चेन्नईला जातात. हंगामात साखर, शाहू मार्केट यार्डातून गुजरातकडे गूळ, इचलकरंजीचं कापड. त्यामुळं जाणारं भाडं मिळतं. येणाऱ्या भाड्याची बोंब आहे. होस्पेट-कोप्पळ बाजूनं पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड येतं, स्क्रॅप येतं, कोळसा येतो, पण ते आधीच करारानं बांधलेल्या गाड्यांना. नव्या माणसाची गाडी चाकण-तळेगावात परतीच्या भाड्यासाठी एजंटाच्या खुर्चीपुढं दोन दिवस बसून राहते आणि शेवटी निम्म्या भाड्यात निघते. रिकामी आणावी तर डिझेल अंगावर, थांबावं तर ३,४०० रोज अंगावर. हे गणित ड्रायव्हरला फोनवर तीस सेकंदांत सोडवून द्यावं लागतं, बऱ्याचदा रात्री अकराला.

आता ओव्हरलोडचं. कास्टिंग हा फसवा माल. हौद्यात निम्म्यालाही येत नाही आणि काट्यावर वजन पूर्ण भरतं. बघणाऱ्याला वाटतं गाडी मोकळीच आहे, टाक अजून दोन पेट्या. पार्टी, म्हणजे मालवाला, तीही टनावर भाडं बोलते, म्हणून मालकाच्या तोंडाला पाणी सुटतं. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारनं एक्सलचं वजन वाढवून दिलं, दहा टायरची मर्यादा २५ वरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. आम्ही पेढे वाटले. वर्षभरात कळलं की देशातल्या सगळ्याच गाड्यांची क्षमता एका रात्रीत वाढली, माल मात्र तेवढाच राहिला. टनाचे दर खाली आले आणि पेढे कडू लागले. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीनं ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर दर टनाला २,००० झाला. पाच टन जादा सापडले की तीस हजार. शिवाय जादा माल तिथंच उतरवून घ्यायचा, म्हणजे दुसरी गाडी बोलवा, हमाल बोलवा आणि परत उभे राहा. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा काट्याची पावती मागते. मी आठ वर्षांपूर्वी एकदा हा मोह केला. गाडी कराडच्या पुढं टायर फुटून आडवी झाली. माणूस वाचला, क्लेम वाचला नाही.

गुरुजींना एक शब्द कदाचित माहीत नसेल, वाराई. गाडी खाली करताना हमाल ड्रायव्हरकडून जे पैसे घेतात ते. माल विकणाऱ्याचा, घेणाऱ्याचा. गाडीवाल्यानं तो फक्त दारात आणून द्यायचा. उतरवून घेणं हे घेणाऱ्याचं काम. पण बाजारात पद्धत अशी पडली की भाड्यातूनच शे-पाचशे, कुठं दीड-दोन हजार वाराई कापायची. नाही म्हटलं तर गाडी रांगेत शेवटी, म्हणजे पुन्हा उभ्या गाडीचा खर्च. दोन हजार वाराई वाचवायला ३,४०० चा दिवस घालवायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं! "ज्याचा माल, त्याचा हमाल" ही घोषणा आमच्या लोकांनी उगाच नाही दिली. हमालांवर माझा राग नाही. माथाडी कायदा १९६९ चा, तो त्यांच्या हक्काचा आहे आणि पाठीवर पन्नास किलो घेणाऱ्याला मजुरी मिळालीच पाहिजे. ती कुणी द्यायची एवढाच वाद. मी आता बिल्टीवरच, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवरच लिहून घेतो, "भरणी-उतरणी पार्टीकडे". दहापैकी सहा जण पाळतात.

मग पैसे. भाडं ठरतं तेव्हा डिझेलपुरता ॲडव्हान्स मिळतो, उरलेलं पोच पावती परत आल्यावर. सही-शिक्क्याची पोच हरवली तर ते भाडं गेलंच समजा, म्हणून माझा ड्रायव्हर माल उतरला की पहिल्यांदा पोचेचा फोटो पाठवतो. कंपन्यांशी थेट काम मिळालं तर दर चांगला असतो, पण पैसे साठ दिवसांनी, कधी नव्वद. डिझेल पंपावर रोख, टोल फास्टॅगमधून आधीच कापलेला, हप्ता पाच तारखेला. म्हणजे मोठ्या कंपनीला तुमचा पुतण्या बिनव्याजी कर्ज देणार, तेही दुसऱ्याकडून व्याजानं आणून. उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी मात्र पहिल्या आठवड्यात करून घ्यायला सांगा, फुकट होते. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढं थकवता येत नाहीत असं २००६ चा कायदा सांगतो, आणि आता थकवले तर त्या वर्षी तो खर्च कंपनीला करातून वजा मिळत नाही. मार्च महिन्यात याचा उपयोग होतो, लेखा विभागाचा फोन आपणहून येतो. इतर महिन्यांत कायद्याचं नाव काढलं की पुढची गाडी दुसऱ्याची लागते. मी हे हत्यार पाच वर्षांत एकदाच काढलं, तेही त्या पार्टीचं काम सोडायचं ठरवल्यावर.

जीएसटी आल्यावर नाक्यानाक्यावरचे विक्रीकराचे अडथळे गेले, हे मान्य करायला हवं. १९९८ साली बंगळूरच्या फेरीला जे हेलपाटे होते ते आज नाहीत. पण ई-वे बिल, म्हणजे मालासोबत लागणारं ऑनलाइन बिल आलं. दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत. गाडी बिघडली, घाटात अडकली आणि मुदत संपली, तर संपायच्या आधी किंवा नंतर आठ तासांत वाढवून घ्यावी लागते. हे काम ई-वे बिलात ज्या वाहतूकदाराचं नाव असेल त्याचं, नसेल तर मालवाल्याचं, पण कोणीही विसरलं तरी रस्त्यात अडवली जाते आमची गाडी. कराच्या दुप्पट दंड भरेपर्यंत ती सोडत नाहीत. एकदा निपाणीच्या पुढं माझी गाडी चार दिवस होती. मालवाला म्हणाला, "माझी चूक झाली, दंड मी भरला ना?" त्या चार दिवसांचे कोण भरणार, हा प्रश्न त्याला सुचलाच नाही.

रस्त्याचं काय सांगू! आपल्याला पुण्याला जायचा रस्ता एकच, हा पुणे-बंगळूर महामार्ग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ त्यावर आलं आणि आठवडाभर रस्ता बंद. माझी एक गाडी कागलच्या लक्ष्मी टेकडीखाली रांगेत उभी. पुढं-मागं हजारो गाड्या. गावातल्या लोकांनी भाकरी-आमटी आणून दिली, ड्रायव्हर अजून त्या माणसांची आठवण काढतो. पण हप्त्याची तारीख पुरात वाहून जात नाही आणि रस्ता बंद म्हणून बुडालेले दिवस गाडीच्या विम्यातून भरून मिळत नाहीत. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्याच पावसात आंबा घाट खचला म्हणून रत्नागिरी, जयगडकडचं कामही थांबलं. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला, तेव्हा तळकोकणात जायला फोंड्यानं वळसा. साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम चाललंय, ते पुरं झालं की बरं होईल, पण तोवर वळण रस्त्यांवर जो तास-दीड तास जातो तो आमच्याच खात्यावर. पावसाळ्याचे दोन महिने मी हिशेबात निम्मेच धरतो. पुतण्यानंही धरावेत.

सीमेवर राहण्याचा एक फायदा आणि एक तोटा. डिझेल बरीच वर्षं कर्नाटकात दोन पैशांनी स्वस्त असायचं, म्हणून दक्षिणेला जाणारी गाडी टाकी निपाणीकडंच भरायची. तोटा असा की सीमावाद पेटला की पहिला दगड नंबर प्लेट बघून पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्या आठवड्यात आम्ही गाड्या तिकडं सोडल्याच नाहीत. पुन्हा उभ्या.

आणि ड्रायव्हर. याबद्दल सगळ्यांत जास्त लिहायला हवं. माझ्या चार गाड्यांपैकी तीनच कायम धावतात, चौथीला माणूस नाही. पूर्वी क्लीनर पाच वर्षं गाडीवर राहून ड्रायव्हर व्हायचा. आता क्लीनर परवडत नाही म्हणून ठेवत नाही, आणि मग ड्रायव्हर तयार होत नाही म्हणून ओरडतो. दोष आमचाच आहे. पगार बावीस-पंचवीस हजार, वर भत्ता. तेवढ्यात एमआयडीसीत आठ तासांची पाळी करून पोरगं रात्री घरी झोपतं. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातही दिवसाचे आठच तास होते. लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्यावर, तो कायदा कुणी पाळलेला मी बघितला नाही, मी स्वतः धरून. कंपनीच्या गेटवर ड्रायव्हरला संडासला जायला जागा नसते, पाणी मागितलं तर वॉचमन टँकरकडं बोट दाखवतो. गावात ड्रायव्हरला मुलगी देत नाहीत, हे तुम्ही वडगावातही ऐकलं असेल. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. काही मालक त्यावर कुरकुरतात, डिझेल जादा जाईल म्हणतात. मे महिन्यात दुपारी इंजिनशेजारी बसून त्यांनी एकदा विजापूर गाठावं.

नव्या न्याय संहितेतल्या १०६ (२) कलमाचंही तसंच. अपघात करून न कळवता पळून गेला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर गाड्या थांबल्या आणि पंपांवर रांगा लागल्या. सरकारनं ते कलम तेव्हा थांबवून ठेवलं. लोक म्हणतात, चूक नसेल तर पळता कशाला? जमावानं ड्रायव्हरला मारताना मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा चूक मोटारसायकलवाल्याची होती. ड्रायव्हर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर झाला तर तो पळाला नाही, हे मी माझ्या माणसांना पाठ करून ठेवलंय. पण हे सांगायचं म्हणजे आधी ड्रायव्हरनं मालकाचं ऐकण्याइतका मालकानं त्याला माणूस म्हणून वागवलेला असायला हवा.

गाडी दुरुस्तीचं एक छोटं कलम. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सहा, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्या आल्या. धूर कमी झाला, चांगलं झालं. पण तावडे हॉटेलजवळचा माझा जुना मिस्त्री, जो आवाज ऐकून कुठलं नोझल बिघडलंय ते सांगायचा, तो आता बोनेट उघडून हात जोडतो. सेन्सर गेला की गाडीची ताकद आपोआप कमी होते आणि लॅपटॉपवाला कंपनीचा माणूस येईपर्यंत ती रस्त्याकडेला. युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायला गाडीत टाकायचं ते डीईएफ, स्वस्तात बादलीनं घेऊ नका. पाचशे रुपये वाचतात, सायलेन्सरचं काम लाखाच्या घरात जातं.

पुतण्याला कोणी ऊस वाहतुकीची वाट दाखवली असेल तर त्यावर थोडं. हंगामात पैसा दिसतो खरा. पण तोडणीची टोळी आणायला मुकादमाला लाखोंची उचल गाडीवाल्यानं द्यायची असते. कारखाना त्यातली काही रक्कम देतो, पण करार आणि जबाबदारी आपल्या नावावर. टोळी आली नाही, किंवा पंधरा दिवसांनी रात्रीत उठून दुसऱ्या गावाला गेली, तर उचल कारखाना आपल्याकडून वसूल करतो. हातकणंगले, शिरोळमध्ये अशानं जमिनी विकलेली घरं आहेत. नवीन माणसानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल.

मग गाडी घ्यावी की नाही? प्राप्तिकरात दहा गाड्यांपर्यंतच्या मालकाला अंदाजी हिशेबाची सोय आहे. त्यात जड गाडीचं उत्पन्न टनाला महिना हजार रुपये धरतात, म्हणजे २८ टनीला २८,०००. हप्ता भरून, टायरचे बाजूला काढून महिन्याला तेवढे हातात राहिले तर ते वर्ष मी चांगलं म्हणतो. पुतण्याचा आजचा पगार काय आहे, ते तुम्हाला ठाऊक. पण त्याच्याकडं एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नव्हती. फौंड्रीच्या डिस्पॅचमध्ये त्याची ओळख आहे, गाडी कधी भरते आणि का अडते हे त्याला आतून माहीत आहे. त्या कंपनीनं महिन्याला बारा फेऱ्यांचं काम, चोवीस तासांत उतरणी आणि त्यापुढं थांबल्यास रोजची भरपाई एवढं लेखी दिलं, तर मी म्हणेन घ्या. नुसतं "बघू, देऊ काम" म्हटलं तर आणखी वर्षभर नोकरी करावी. आणि पहिली गाडी नवी कशाला? चार वर्षांची, एका हातची गाडी घेतली तर हप्ता निम्म्यावर येतो आणि उभी राहिली तरी छातीत धडधडत नाही. फक्त पासिंग, इंजिनचा आवाज आणि थकलेली चलानं बघून घ्या. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी.

सही करायच्या आधी त्याला एक फेरी करू दे. शनिवारी संध्याकाळी माझी गाडी शिरोलीतून चाकणला निघते. ड्रायव्हर चांगला आहे, बडबड्या आहे. रविवारी तिथं उतरणी बंद असते, सोमवारी किती वाजता नंबर लागेल ते कुणालाच माहीत नाही. त्याला म्हणावं, मंगळवारची रजा टाकून ठेव आणि येताना पांघरूण घेऊन ये.